कर्जमाफी मागताय, मग नादारीचा हक्कही मागा



पठारावर वाटाणा फुलावर आलाय, खाली मुगाच्या शेंगा भरायला लागल्यात, आणि चाळीतला उन्हाळ कांदा निवडून निवडून निम्मा उकिरड्यावर चाललाय. पिकाची नोंद एवढीच. आजची नोंद कर्जाची आहे आणि जरा लांब आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

शेततळ्याचा फोटो टाका नाहीतर बैलाचा, खाली एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कर्जमाफी कधी?" आता हे मला कुठून माहीत असणार. २००८ ला केंद्रानं दिली. २०१७ च्या १ जूनला आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, मग राज्यानं दीड लाखापर्यंतची दिली. २०१९ च्या शेवटी दोन लाखांपर्यंतची आली. दर वेळी कोणाला मिळाली, कोणाचं नाव यादीत अडकलं, आणि ज्यानं वेळेवर भरलं तो येडा ठरला. माफी मागू नका असं मी म्हणत नाही. शेतमालाचे भाव सरकारच पाडतं, निर्यातबंदी सरकारच करतं, तर नुकसान भरून मागायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पण माफी ही सरकारची मर्जी असते. तारीख त्यांची, यादी त्यांची, निकष त्यांचे. आणि ती मुख्यतः बँकेच्या, सोसायटीच्या पीककर्जाला लागते. आपल्या तालुक्यात एका घरावर किती प्रकारचं कर्ज असतं ते मोजून बघा. सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेचं गायगोठ्याचं, फायनान्सचं ट्रॅक्टरचं नाहीतर गाडीचं, घरातल्या बाईच्या नावावर बचतगटाचं, सोनं बँकेत, आणि सगळ्यात खाली कोणाला न सांगितलेलं हातउसनं नाहीतर सावकाराचं. माफी आली तरी यातलं एक ओझं उतरतं. माणूस मोडतो तो बाकीच्यांच्या खाली.

म्हणून आज मी दुसऱ्या एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द आहे नादारी. शहरात दिवाळखोरी म्हणतात. आपल्याकडं "दिवाळं निघालं" ही शिवी आहे. कायद्यात मात्र तो हक्क आहे. माणसानं कोर्टासमोर उभं राहून सांगायचं, हे माझं सगळं देणं, ही माझी सगळी मालमत्ता, यातून फिटत नाही, आता तुम्ही ठरवा. कोर्ट ठरवेल ते द्यायचं आणि पाटी कोरी करून पुन्हा कामाला लागायचं. कंपन्या हे रोज करतात. बँकांनी कंपनीकडं मागितलेल्या रकमेतला सरासरी तिसरा हिस्सा वसूल होतो आणि बाकीच्यावर पाणी सोडलं जातं, त्याला 'हेअरकट' असं गोड नाव आहे. शेतकऱ्याचं तसं झालं की त्याला बुडव्या म्हणतात.

आणि गंमत अशी की या देशात शेतकऱ्यासाठी खास नादारीचा हक्क कायद्यात लिहिला गेला तो आपल्याच मुलखामुळं.

शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून एक ओळ होती, आठवत असेल. १२ मे १८७५ ला सुप्यात बाजाराच्या दिवशी सुरुवात झाली. हे सुपे म्हणजे आपलं एमआयडीसीवालं सुपा नव्हे, पुणे जिल्ह्यातलं, आज बारामती तालुक्यात येतं ते. पण त्याच्याही आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, घोडनदीपलीकडं शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात ठिणगी पडली होती. तिथल्या एका देशमुखाचं घर सावकारानं हुकूमनाम्यावर लिलावात घेतलं आणि गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी नाही, पाणक्या नाही, शेतात राबायला माणूस नाही. मग हे लोण नगर जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत, या तालुक्यांची नावं सरकारी कागदांत आहेत. लोकांनी काय केलं ते नीट बघा. सगळीकडं मागणी एकच होती, खतं बाहेर काढा. कर्जाचे कागद मिळाले की चावडीपुढं जाळले. सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तिथं सहसा त्याच्या अंगाला हात लावला नाही.

कागद का जाळले? कारण त्या माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती की आपला गळा कागदानं आवळलाय. अमेरिकेतल्या यादवीमुळं १८६१ ते ६५ कापसाला भाव आला, सावकारानं हात सैल सोडला, सगळ्यांनी उचल घेतली. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यात सरकारनं जमिनीचा सारा वाढवला. कर्ज तेवढंच राहिलं, नव्हे, व्याजाचं मुद्दल करून नवं खत लिहिलं की दुप्पट झालं. ट्रॅक्टरच्या जागी कापूस ठेवा, गोष्ट आपलीच आहे.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ ला 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर, एवढ्या चार जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं ऐका. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. कोर्टानं नुसतं खत बघायचं नाही, पहिल्या उचलीपासूनचा हिशोब उकलून बघायचा. सावकारानं पावती द्यायची, हिशोबाचा उतारा द्यायचा. खास गहाण लिहून दिलेली नसेल तर जमीन विकायची नाही. फार तर कलेक्टरनं ती जास्तीत जास्त ७ वर्षं ताब्यात घ्यायची, घरच्यांच्या पोटापुरतं सोडायचं आणि उरलेल्यातून देणं भागवायचं. आणि ज्याच्यावर ५० रुपये किंवा जास्त देणं आहे त्या शेतकऱ्यानं तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडं अर्ज करून नादार म्हणून जाहीर करून घ्यायचं.

इंग्रज काही आपला मामा नव्हता. त्याला पुन्हा दंगा नको होता आणि सारा वेळेवर हवा होता. तरी पण कायदा वाचला की वाटतं, लिहिणाऱ्यानं शेतकऱ्याचं घर आतून बघितलं होतं.

सावकारही गप्प बसला नाही. त्यानं गहाणखत लिहिणं बंद केलं आणि खरेदीखत लिहायला लागला. कागदावर विक्री, तोंडी बोली मात्र "पैसे दिलेस की जमीन तुझी." मग सरकारला कायद्यात दुरुस्ती करावी लागली की शेतकऱ्याच्या बाबतीत कोर्टानं कागदावरचं नाव बघू नये, व्यवहार खरा काय होता ते तोंडी पुराव्यावरून तपासावं.

आता इथं थांबा आणि आपल्या आसपास बघा. दीडशे वर्षं होत आली, आणि आजही खाजगी सावकार काय करतो? नोंदणी कार्यालयात नेऊन खरेदीखत करून घेतो. "नुसती सेफ्टी म्हणून." सोबत दोन कोरे चेक. सातबाऱ्यावर फेरफार पडतो, नाव जातं, आणि कसायला रान आपल्याकडंच असल्यामुळं चार वर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. बाजारभाव वाढला की एक दिवस मोजणीवाले येतात.

यात कायदा आज कुठं उभा आहे? साध्या दिवाणी दाव्यात शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते. मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच ते गहाण धरायचं. वेगळ्या स्टॅम्पवरची चिठ्ठी असली तरी चालत नाही, तोंडी बोली तर लांबच. म्हणजे १८७९ च्या कायद्यानं जे दार उघडलं होतं ते इथं बंद आहे. पण दुसरं एक दार आहे आणि ते फार थोड्यांना माहितीये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४, कलम १८. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असेल, मग ती विक्री म्हणून असो, गहाण म्हणून असो की आणखी कसली, तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. ते चौकशी करतात आणि व्यवहार खरंच सावकारीचा निघाला तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. कोर्ट फी भरून वर्षानुवर्षं बसण्यापेक्षा हा रस्ता जवळचा. अर्ज तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडंही देता येतो. पोचवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

पुरावा काय लागतो? खरेदीखतातली किंमत आणि त्या वेळचा सरकारी दर यातली तफावत. ताबा आपल्याकडंच राहिल्याचा पीकपेरा. व्याज फोनवरून पाठवलं असेल तर बँकेचा उतारा. त्याच सावकारानं गावात आणखी चार जणांची अशीच खतं केली असतील तर ती सगळ्यात भारी. एकट्यानं अर्ज केला तर "हा घेऊन उलटला" असं म्हणतात, पाच जणांनी केला तर धंदा दिसतो. कर्डेच्या लोकांना हे कळलं होतं.

व्याजाचंही डोक्यात ठेवा. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी १२ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या भाषेत महिन्याला शेकडा पाऊण रुपया आणि एक रुपया. गावात चालतंय शेकडा तीन, नडलेल्याला पाच. दोन लाखाला शेकडा तीननं महिन्याला ६,००० रुपये होतात, वर्षाला ७२,०००. कायद्यानं बिनतारणीचे २४,००० होतात. तेहतीस-चौतीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं भरून होतं आणि मुद्दल जागेवर. आपला जुना दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, या कायद्यातही आहे. आणि परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही माहिती सावकाराला असते. आपल्यालाच नसते.

कोऱ्या चेकचं वेगळं सांगतो, कारण इथं भल्याभल्यांची गाडी अडते. "चेक कोरा होता, रक्कम त्यानं भरली" एवढं म्हणून सुटका होत नाही. सही आपली असली की कोर्ट आधी देणं आहे असंच धरतं, उलटं सिद्ध करायचं काम आपलं. चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात. बरेच जण नोटीस घेतच नाहीत, पोस्टमनला "घरी नाही म्हण" सांगतात. तसं करू नका. उत्तर द्या. व्यवहार काय होता, किती परत केले, चेक कशासाठी दिला होता, हे पहिल्या उत्तरात लिहिलेलं असलं की पुढं कामाला येतं. दोन वर्षांनी साक्षीत पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट कोणालाच खरी वाटत नाही.

आता पतसंस्था. आपला तालुका पतसंस्थांचा. त्यांनी इथल्या मुंबईकर चाकरमान्याचा पैसा गावात फिरवला, दुकानं उभी केली, नाकारण्यात अर्थ नाही. पण कर्जदारानं एक गोष्ट बोर्डावर बघून घ्यावी. नावात मल्टीस्टेट आहे की नाही. साधी पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्यात येते. थकलं की ती सहायक निबंधकाकडं कलम १०१ चा वसुली दाखला मागते. तिथं सुनावणी असते, आपल्याला नोटीस येते, आणि हिशोबावर हरकत घ्यायची खरी जागा तीच. दाखला निघून गेला की त्याविरुद्ध वर जायला आधी रकमेच्या ५० टक्के भरायला लागतात. ज्याच्याकडं ५० टक्के असते तो थकला असता कशाला? म्हणून सुनावणीची तारीख ही कांद्याच्या लिलावापेक्षा मोठी समजा. मल्टीस्टेट असेल तर तो केंद्राचा कायदा, निबंधक दिल्लीचा, वाद लवादाकडं. लवादाचा निवाडा हातात पडला की त्याला आव्हान द्यायला तीन महिने. पारनेरच्या निबंधक कार्यालयात जाऊन भांडलात तर तिथले साहेब खरंच काही करू शकत नाहीत, टाळत नसतात.

आणि जामीनदार. "नुसती सही कर रे, नाव लागतंय फक्त." मंडळी, जामीनदाराचं देणं कर्जदाराएवढंच असतं. संस्थेनं आधी कर्जदाराच्या मागं लागावं आणि मग जामीनदाराकडं यावं असं कायदा म्हणत नाही. पगारदार जामीनदार असला तर आधी त्याच्याकडंच येतात, कारण तिथून पैसा सोपा निघतो. एकमेकांना जामीन राहून अख्खी भावकी एका साखळीत अडकलेली मी बघतोय. नाही म्हणायला जड जातं, पाहुण्यांत वाईटपणा येतो, ते खरंय. तरी नाही म्हणावं.

बायकांच्या बचतगटाच्या हप्त्यांबद्दल थोडक्यात. मायक्रो फायनान्सच्या माणसानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, गावात नाव वाचून दाखवायचं नाही. २०२२ चे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. घराच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर त्यांनी नवं कर्ज द्यायलाच नको, हाही नियमच. बाकी बँका आणि फायनान्सवाल्यांच्या वसुली एजंटांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ. आधी त्याच कंपनीकडं लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हे पतसंस्थेला आणि सावकाराला लागू नाही.

घरावर काय येऊ शकतं, याची भीती सगळ्यात जास्त असते म्हणून तेही लिहितो. बँका ज्या कायद्यानं कोर्टात न जाता तारण ताब्यात घेतात, तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही. गहाण घराला, गाळ्याला लागतो. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचं राहतं घर, औतफाटा, कामापुरती जनावरं, बी-बियाणं, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही. मात्र जे स्वतः गहाण लिहून दिलंय त्याला हे कवच नाही. आणि कर्ज फिटलं नाही म्हणून नुसत्या गरिबीपायी कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय. एजंट फोनवर "उचलून नेतो" म्हणतो, त्यातलं किती खरं ते यावरून ओळखा.

बाप गेला म्हणून त्याचं कर्ज पोराच्या पगारावर येत नाही. वारसाला वारशानं जे मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बापाचं देणं फेडणं हे पोराचं धर्मकर्तव्य, असं जुना हिंदू कायदा मानायचा. २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना ते लागू नाही. दहाव्याला येऊन विधवेकडून नव्या कागदावर सही घेणारे लोक असतात. तिनं सही केली की बापाचं कर्ज तिचं स्वतःचं होतं. दुःखाच्या घरात महिनाभर कोणी कसल्याच कागदाला हात लावू नये, एवढं भावकीनं बघावं.

हे सगळं झालं बचावाचं. आता मूळ प्रश्न. ज्याचं खरंच फिटणार नाही, त्याला आज नादारी मिळते का?

कागदावर मिळते. २०१६ ला दिवाळखोरीचा नवा केंद्रीय कायदा आला. त्यात कंपन्यांचा भाग लगेच सुरू झाला. साध्या माणसाचा भाग मात्र तसाच पडून आहे, कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरताच तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला. त्या पडून राहिलेल्या भागात गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय लिहिलीय, तिच्या अटी वाचा. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःच्या मालकीचं राहतं घर नको. आपल्या तालुक्यात दोन पत्र्यांचं का होईना, घर कोणाला नाही? म्हणजे उद्या सुरू झाली तरी आपल्यापैकी कोणी त्यात बसत नाही. ही सोय लिहिणाऱ्यानं खेडं बघितलेलं नाही.

नवा लागू नाही म्हणून जुनाच चालू आहे, १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. ५०० रुपयांच्या वर देणं असलेला कोणीही जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत अर्ज करू शकतो. सगळी मालमत्ता, सगळे देणेकरी खरेखरे लिहून द्यायचे. लपवलं तर गुन्हा. कोर्ट रिसीव्हर नेमतं, अटकेपासून संरक्षण देऊ शकतं, आणि शेवटी मुक्तता दिली की राहिलेलं देणं संपतं. सरकारी देणं, फसवणुकीचं देणं आणि पोटगी सोडून. पण शेतकऱ्याची अडचण अशी की घर, औजारं, जनावरं वाचतात आणि जमीन वाचत नाही. गहाण नसलेली जमीनही रिसीव्हरकडं जाते. गहाण असलेली तर देणाऱ्याचीच. १८७९ मध्ये जमीन राखून देणं फेडायची वाट होती, आज शेतकरी नादार झाला तर शेतकरीच राहत नाही. मग कोण जाईल कोर्टात? अर्जाचा नमुना मागितला तर वकीलसुद्धा चष्मा पुसतात.

असं नाही की मधल्या काळात कोणाला सुचलं नाही. १९३९ ला मुंबई प्रांतानं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, कर्ज तडजोड मंडळं नेमली. १९७५ ला महाराष्ट्रानं अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर यांची सावकारी कर्जं कायद्यानं रद्द केली आणि ते सर्वोच्च न्यायालयात टिकलंही. केरळनं २००६ मध्ये शेतकरी कर्जनिवारण आयोगच कायद्यानं उभा केला, जिथं शेतकरी स्वतः अर्ज करतो आणि आयोग देणाऱ्याला समोर बसवतो. मग आपल्याकडं का नको?

माझं म्हणणं असं आहे. आंदोलनात 'सातबारा कोरा' ही घोषणा द्या, जोरात द्या. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा. तालुक्याच्या पातळीवर एक कायमचं कर्जनिवारण मंडळ, जिथं शेतकरी आपल्या सगळ्या कर्जांची यादी एकदम मांडेल, बँक, पतसंस्था, फायनान्स, सावकार, सगळे एका टेबलाला. पहिल्या उचलीपासून हिशोब उकलायचा. कुटुंबाच्या पोटापुरती जमीन बाजूला ठेवायची. उरलेल्या उत्पन्नातून ठराविक वर्षं द्यायचं आणि पुढचं संपलं. यासाठी निवडणुकीची वाट बघायला नको, दुष्काळ पडायला नको, आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यावर अन्यायही होत नाही, कारण ज्याचं फिटू शकतं त्याला मंडळ फेडायलाच लावेल.

यावर एक जण म्हणाला, असं झालं तर उद्या कोणी कर्जच देणार नाही. मुद्दा खोटा नाही. १८७९ नंतरही सावकारानं हात आखडले होते. पण बघा, कंपन्यांना दिवाळखोरीचा कायदा झाला म्हणून बँकांनी कंपन्यांना कर्ज देणं थांबवलं का? उलट देणारा आधी चार प्रश्न विचारायला लागला. ज्याचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख त्याला आठ लाखांचा ट्रॅक्टर दारात आणून सोडणाऱ्यानंही थोडा धोका पत्करावा की. आज सगळा धोका आपला आणि कमिशन त्याचं.

तोवर काय करायचं, तर एक वही घाला. कोणाकडून, कधी, किती, व्याज काय, कशावर सही केली, काय परत केलं. पीककर्ज असेल तर नवं-जुनं करायची तारीख पहिल्या पानावर लाल शाईनं. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, चुकलं की सवलत जाते, आणि ती तारीख गाठायला सावकाराकडून आठ दिवसांसाठी उचलतात तिथूनच पुष्कळांची घसरगुंडी सुरू होते. बिनतारणी शेती कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून दोन लाख झालीय, तेवढ्यासाठी जमीन गहाण मागितली तर लेखी कारण मागा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघा. फिटलेलं कर्ज चालू दाखवलं असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि ही वही घरात उघडी ठेवा. बायकोला, पोरांना दाखवा. लपवलेलं कर्ज रात्री झोपू देत नाही. कोणाचं मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या ग्रामसभेत मी कर्जनिवारण मंडळाच्या मागणीचा ठराव मांडतोय. मसुदा उद्या इथं टाकतो, तुमच्या गावाचं नाव घालून वापरा. खरेदीखतात जमीन गेलेले कोणी असतील तर खाली लिहू नका, मेसेज करा. पाच जण झाले की कागद घेऊन एकत्रच निबंधक कार्यालयात जाऊ. बुधवारी सकाळी जमतंय का बघा, मंगळवारी मला मूग तोडायचाय.